पदरमोड किती? देशाचा आरोग्यखर्च, परदेशी मदत आणि आमच्या अम्माची वही

खातेवही | रवि, ११/०१/२०२६ - २१:४०

सोलापुरात एकीकडे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी, दुसरीकडे महापालिकेच्या प्रचाराचे भोंगे. बाहेर पडायची सोय नाही म्हणून कपाट आवरायला घेतलं आणि अम्माची वही हाती लागली. अक्षर माझं, मालकी तिची. पस्तीस वर्षं विड्या वळल्या तिनं. हजाराला मजुरी किती, छाटात (खराब म्हणून बाजूला काढलेल्या) किती गेल्या, सगळं तोंडपाठ. त्यामुळे घरात कुठलाही खर्च झाला की "लिहिलास का?" हा पहिला प्रश्न.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला स्टेंट बसवला, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून. दवाखान्याचं बिल शून्य. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल हा योजनेला नावं ठेवतोय. ती योजना नसती तर आम्ही कुणाच्या तरी दारात व्याजानं पैसे मागत उभे असतो.

आता वहीतलं पान. भरती व्हायच्या आधीच्या तपासण्या ५,२००. रिक्षा, जेवणखाण, चार दिवसांचं, २,१००. नंतरच्या गोळ्या महिन्याला १,४५०, आजवर १४ महिने, म्हणजे २०,३००. तीनदा दाखवायला नेलं, फी आणि तपासण्या धरून ४,८००. बेरीज ३२,४००.

म्हणजे आजाराचा मोठा घाव सरकारनं झेलला, आणि बारीक बारीक टोचणी आमच्याकडे राहिली, जी थांबायचं नाव घेत नाही.

मग देशाच्या वहीत काय लिहिलंय ते बघितलं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये तेच ३९.४ टक्के झाले. सरकारचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला. माणशी एकूण खर्च ६,६०२ रुपये. त्याचे ३९.४ टक्के काढले तर माणशी पदरमोड वर्षाला २,६०० च्या आसपास येते. अम्मानं हे ऐकलं आणि म्हणाली, "मग माझ्या वाटणीचं दहा जणांचं मी एकटीच भरते की!"

गेलं वर्षभर दुसरी बातमीही वाचतोय, अमेरिकेनं जगभरची आरोग्यमदत आखडली ती. या २२ तारखेला तर ते जागतिक आरोग्य संघटनेतूनही बाहेर पडतायत. दोन्ही गोष्टींचा संबंध काय, असं बायको विचारत होती. मला एवढंच वाटतं की पंगतीतून एक जण उठून गेला तरी त्याची पत्रावळ तिथंच असते. ती कोण उचलतं? ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा. राजकारण नको, भोंग्यावर आहेच ते.

---

पार्क_चौपाटी | रवि, ११/०१/२०२६ - २१:५८

पत्रावळ उचलायला महापालिकेची घंटागाडी. (कळतंय, गप्प बसतो.)

अम्मांची तब्येत कशी आहे आता?

---

खातेवही | रवि, ११/०१/२०२६ - २२:०४

ठणठणीत. काल यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघायची म्हणून हट्ट धरून बसली होती, अजून दोन दिवस आहेत म्हणून समजूत घातली.

---

बेरीजवजाबाकी | रवि, ११/०१/२०२६ - २२:३१

धागा चांगला आहे, पण ३९.४ हा आकडा जरा जपूनच घ्या.

पहिली गोष्ट, लोक खिशातून किती भरतात हे सरकारला दरवर्षी मोजता येत नाही. ते राष्ट्रीय नमुना पाहणीतून काढतात. त्यातली २०१७-१८ ची ७५ वी फेरी हा पाया धरून पुढच्या वर्षांचे अंदाज बांधलेत. मध्ये कोविड येऊन गेला. बेड मिळवायला लोकांनी काय काय विकलं ते २०१७-१८ च्या पाहणीत कुठून दिसणार?

दुसरी, २०२१-२२ हे लसीकरणाचं वर्ष. केंद्रानं अर्थसंकल्पात नुसत्या कोविड लशींसाठी ३५,००० कोटी ठेवले होते. सरकारचा वाटा फुगणारच. २०१९-२० मध्ये सरकारी खर्च जीडीपीच्या १.३५ टक्के होता, २०२१-२२ ला १.८४. ही उडी म्हणजे कायमची सवय असं समजू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के गाठू असं लिहिलं होतं. २०२५ संपलं.

तिसरी आणि मला महत्त्वाची वाटणारी. टक्का कमी झाला म्हणजे रुपये कमी झाले असं नाही. भाकरी मोठी झाली तर तुमच्या वाट्याचा तुकडा टक्क्यात लहान होऊनही वजनाला तेवढाच राहतो. आणि अम्मांचा हिशेब बरोबर आहे. सरासरीत धडधाकट पोरंही येतात, ज्यांनी वर्षात एक क्रोसिन घेतली.

तरीही दिशा खालीच आहे हे मान्य करायला हवं. २००४-०५ ला हाच आकडा ६९ च्या वर होता. सगळा खोटेपणा आहे म्हणणाऱ्यांतला मी नाही.

---

डॉक्टरीणबाई | सोम, १२/०१/२०२६ - ०७:१५

ओपीडीला जायच्या आधी दोन ओळी.

खातेवही, तुमच्या वहीत जे आहे त्याला आमच्या भाषेत "भरती नसलेला खर्च" म्हणा. महात्मा फुले असो की आयुष्मान, योजना भरती झालेल्या माणसासाठी आहेत. आयुष्मानमध्ये भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यावरच्या १५ दिवसांची औषधं धरतात. सोळाव्या दिवसापासून मेडिकलवाला आणि तुम्ही. बीपी, शुगर, स्टेंटनंतरच्या गोळ्या या जन्माच्या सोबती. आपल्या देशात पदरमोडीचा मोठा भाग ऑपरेशनचा नसून या गोळ्या आणि ओपीडीचा असतो.

आता उपयोगाचं. (१) महात्मा फुले योजनेत काही उपचारांना पुढच्या तपासण्या-औषधांचं वेगळं पॅकेज असतं. जिथं स्टेंट बसवला तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, अम्मांचा उपचार त्यात बसतो का. लोक विचारतच नाहीत. (२) चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जन औषधी केंद्रात दर बघा. (३) ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सगळं मोफत आहे. पण आपलं सिव्हिल त्या खात्यात येत नाही. ते डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचं. रोज दहा पेशंट यावरून भांडतात. चूक त्यांचीही नाही, पाटीवर दोन्हीकडं "महाराष्ट्र शासन"च लिहिलेलं असतं.

---

अक्कलकोट_रोड | सोम, १२/०१/२०२६ - ०९:४०

परदेशी मदत बंद झाली तर बरंच झालं. कुणी फुकट देत नसतं. आपल्या देशाला त्यांची गरज काय? लशी आपण जगाला वाटल्या.

---

बेरीजवजाबाकी | सोम, १२/०१/२०२६ - १०:०२

@अक्कलकोट_रोड, आकड्यापुरतं तुमचं बरोबर. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात परदेशी देणग्यांचा वाटा अगदी किरकोळ आहे. पण "लशी वाटल्या" याच्या पुढची ओळही लिहा. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं लाट आली तेव्हा निर्यात थांबली आणि कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेवर अवलंबून असलेले गरीब देश नोव्हेंबरपर्यंत ताटकळले. त्याच एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनचं सामान परदेशी विमानांनी आपल्याकडं उतरत होतं. २००४ च्या त्सुनामीपासून परदेशी सरकारांची मदत घ्यायची नाही असं आपलं धोरण होतं, ते तेव्हा बाजूला ठेवलं. एकाच वर्षात देणारे पण आपण, घेणारे पण आपण.

---

जुना_सिव्हिलवाला | सोम, १२/०१/२०२६ - १३:२०

मी सिव्हिलमध्ये नोकरी केली, आता पेन्शनर. ३० सप्टेंबर १९९३ आठवतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून घरी येऊन पडलो आणि पहाटे जमीन हलली. दुपारपर्यंत किल्लारी, सास्तूरकडचे जखमी ट्रकनं, जीपनं सिव्हिलला यायला लागले. व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. पुढं परदेशी माणसं आली, तंबू आले, औषधांची खोकी आली. काही खोक्यांवरची भाषा आम्हाला वाचता येईना, ती तशीच कोपऱ्यात राहिली. पण मी सांगतो, पहिले दोन दिवस जखमी वाचले ते सोलापूरच्या लोकांनी रांगा लावून रक्त दिलं म्हणून आणि आमच्या पोरवयाच्या डॉक्टरांमुळं. परदेशी मदत नंतरच्या कामाला आली. घरं बांधायला जागतिक बँकेचा पैसा आला, तो कर्ज होता हे पुष्कळांना माहीत नाही.

मदत वाईट नव्हे. पण पहिल्या दिवशी हाताशी जे असतं तेच खरं.

---

पार्क_चौपाटी | सोम, १२/०१/२०२६ - १३:४५

काका, सलाम.

आणि सोलापूरकर असून अजून कुणी कोटणीसांचं नाव काढलं नाही? भैय्या चौकातलं स्मारक बघून घ्या रे. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यातले आपले द्वारकानाथ. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशानं वर्गणी काढून २२ हजार रुपये आणि एक अँब्युलन्स जमवली. बाकीचे परतले, हे तिथंच राहिले, डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय ३२. आंतरराष्ट्रीय आरोग्यमदतीवर सोलापूरनं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं!

---

अक्कलकोट_रोड | सोम, १२/०१/२०२६ - १४:१०

कोटणीस वेगळे. ती माणुसकी होती, हे धंदे आहेत.

---

नैरोबीकर | सोम, १२/०१/२०२६ - १९:०५

धंदेच आहेत भाऊ, आणि त्यात आपला वाटा मोठा आहे. मी जुळे सोलापूरचा, गेली नऊ वर्षं औषध कंपनीतर्फे इकडं पूर्व आफ्रिकेत.

२००१ च्या फेब्रुवारीत सिप्लानं एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा मोठ्या विदेशी कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या पुढं होता. २००२ मध्ये एड्स, टीबी, मलेरियासाठी ग्लोबल फंड निघाला, २००३ मध्ये बुशसाहेबांनी पेपफार ही अमेरिकेची एड्स-मदत योजना काढली. त्या पैशातून आफ्रिकेसाठी जी औषधं घेतली जातात त्यातली बहुतेक भारतीय कारखान्यांतली. म्हणजे अमेरिकेच्या करदात्याचा डॉलर, आफ्रिकेचा पेशंट आणि मध्ये आपला कारखाना. आपल्या चिंचोळी एमआयडीसीतही औषधांचा कच्चा माल बनतो, त्यामुळे मदत आटली की झळ कुणाकुणाला ते बघा.

मागच्या वर्षीचं सांगतो. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं मदत गोठवल्याचा आदेश निघाला. मार्चमध्ये यूएसएड या त्यांच्या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं, १ जुलैला ती संस्थाच मिटली. ब्रिटननंही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणायचं ठरवलंय. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या आयएचएमई या संस्थेच्या अंदाजानं जगातली आरोग्यमदत २०२४ मध्ये ४९.६ अब्ज डॉलर होती, २०२५ मध्ये ३९.१ वर आली. २०२१ मध्ये कोविडमुळं हीच ८० अब्जांपर्यंत गेली होती. चार वर्षांत निम्म्याखाली.

इथं गोळी संपत नाही आधी, माणूस संपतो. गोळ्यांचा साठा गोदामात असतो. पण ज्या बाईला त्या पैशातून पगार मिळायचा, जी घरोघर जाऊन "ताई, या महिन्यात आली नाहीस" म्हणायची, ती घरी बसते. मग पेशंट यायचे थांबतात. मी माल पोचवणारा माणूस, मला हे वर्षभरापूर्वी कळत नव्हतं.

आफ्रिकेतल्या सरकारांनी २००१ मध्ये अबुजाला बसून ठरवलं होतं की बजेटच्या १५ टक्के आरोग्यावर घालू. बहुतेकांना ते कधी जमलं नाही, कारण बाहेरून येतंय तोवर घरच्या बजेटला घाई नसते. गेल्या महिन्यात केनियानं अमेरिकेशी पाच वर्षांचा करार केला. अमेरिका १.६ अब्ज डॉलर देणार, केनिया स्वतःचे ८५ कोटी डॉलर वाढवणार. इकडं कुणी याला संधी म्हणतंय, कुणी फास. मला वाटतं दोन्ही.

---

शेंगापोळी | सोम, १२/०१/२०२६ - २२:५०

नैरोबीकर, ती घरोघर जाणारी बाई मी होते. आफ्रिकेत नव्हे, इथंच.

मी एड्सच्या कामात समुपदेशक होते, एका संस्थेत (नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथं आहेत). आमच्याकडं परदेशी पैसा आटण्याची गोष्ट २०२५ ची नव्हे, बरीच जुनी. १९९२ मध्ये देशाचा एड्स कार्यक्रम सुरू झाला तोच जागतिक बँकेच्या ८.४ कोटी डॉलरच्या कर्जावर. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशननं "अवाहन" आणलं, सहा राज्यांत, त्यात महाराष्ट्र. गाड्या, ट्रेनिंग, चांगले पगार, रिपोर्टच रिपोर्ट. आणि मग काही वर्षांत सगळं टप्प्याटप्प्यानं सरकारकडं सोपवलं.

सोपवलं तेव्हा काय झालं? पगार कमी झाले, महिनोन् महिने लांबले. आमच्यातल्या निम्म्या सोडून गेल्या. पण औषध बंद पडलं नाही. एप्रिल २००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीचे औषधोपचार, मोफत आहे ते आजही मोफत आहे. त्या एड्स कार्यक्रमाचा २०२१ ते २०२६ चा पाचवा टप्पा १५,४७१ कोटींचा, तो केंद्र सरकारनं स्वतःच्या पैशानं चालवायला घेतला. पत्रावळ उचलली गेली, खातेवही. उचलणाऱ्यानं वरची कोशिंबीर, लोणचं काढून टाकलं, पण भात ठेवला.

जिथं सरकारनं हात लावलाच नव्हता तिथं मात्र लगेच पडदा पडला. तृतीयपंथीयांसाठीचे मित्र क्लिनिक, हैदराबाद, कल्याण, पुणे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा पैसा थांबला आणि ते बंद. हैदराबादचं पुढं टाटा ट्रस्टच्या मदतीनं वेगळ्या नावानं उघडलं. आमच्या ओळखीतल्या दोघी पुण्याला जायच्या. सरकारी ओपीडीच्या रांगेत उभं राहायला त्या तयार नाहीत, आणि का नाहीत ते रांगेत उभ्या असलेल्यांना विचारा.

---

डॉक्टरीणबाई | मंगळ, १३/०१/२०२६ - ०७:०५

शेंगापोळी ताई, तुमच्यासारख्या बायकांच्या जिवावर आम्ही आकडे पाठवले आहेत. खरंच.

टीबीत मी हेच बघितलं. बेडाक्विलिन, म्हणजे हट्टी टीबीवरचं औषध, आपल्याकडं पहिल्यांदा आलं ते कंपनी आणि यूएसएड यांच्या देणगीतून, मोजक्या पेशंटसाठी. मार्च २०२३ मध्ये भारतानं कंपनीचा पेटंट लांबवायचा अर्ज फेटाळला, जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं. मग आपल्या कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. आज त्याच औषधावर उभा असलेला सहा महिन्यांचा उपचार सरकारी कार्यक्रमात आहे. कुष्ठरोगाचं उलट. त्या गोळ्यांची पाकिटं २००० सालापासून नोव्हार्टिस जागतिक आरोग्य संघटनेमार्फत जगभर फुकट देते. इतकी वर्षं फुकट येतंय म्हणून त्या पाकिटाची किंमत कुणाच्या बजेटात दिसत नाही. मला भीती अशा पाकिटांची वाटते.

क्षयरुग्णाला पोषणाचे महिन्याला ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. हा पैसा आपला आहे.

---

खातेवही | मंगळ, १३/०१/२०२६ - २१:२०

सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. आता माझ्याकडचं एक, जे मी मूळ लेखात लिहायचं टाळलं होतं, कारण सोलापूरबाहेरच्यांना कंटाळा येईल वाटलं.

पत्रावळीचं मी म्हणालो ते मुळात अमेरिकेवरून सुचलं नव्हतं. विड्यांवरून सुचलं.

१९७६ च्या कायद्यानं विड्यांवर एक उपकर होता. शेवटी तो हजार विड्यांमागं ५ रुपये होता. रक्कम चिल्लर, पण ती फक्त विडी कामगारांसाठीच. त्यातून त्यांचे दवाखाने चालायचे, टीबी-कॅन्सरच्या उपचाराला मदत, पोरांना शिष्यवृत्ती. माझी दहावीची पुस्तकं त्यातली. अम्माला तंबाखूच्या धुरोळ्यानं दमा लागला तेव्हा ती त्याच दवाखान्यात जायची. गोळ्या फुकट.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बाकी उपकरांबरोबर हाही गेला. विडीवर २८ टक्के कर लागला, म्हणजे सरकारला विडीतून मिळणारा पैसा काही आटला नाही. फक्त त्यावरचं कामगारांचं नाव पुसलं. आता दवाखान्यांना पैसा केंद्राच्या बजेटातून येतो, म्हणजे दरवर्षी कुणीतरी दिल्लीत बसून "द्या" म्हणायचं. आणि गेल्या सप्टेंबरात विडीवरचा करही १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं, विमा हप्त्यावरचा शून्य झाला. विमा हप्ता! विडी वळणाऱ्या बाईला.

अम्मा कुठल्याच परदेशी मदतीवर नव्हती. पण तिच्या नावाचा डबा होता, तो मोठ्या पिंपात ओतला गेला. पिंपात पाणी जास्त आहे हे खरं. तिच्या स्टेंटचे पैसे त्या पिंपातूनच आले. दम्याच्या गोळ्यांचे नाहीत.

@डॉक्टरीणबाई, आज आरोग्यमित्राकडं जाऊन आलो. कागद मागितलेत, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि रेशनकार्ड. होईल की नाही, गुरुवारी मतदान, त्यामुळे पुढच्या आठवड्यात कळेल. जन औषधीत चारपैकी तीन गोळ्या मिळाल्या.

---

अक्कलकोट_रोड | मंगळ, १३/०१/२०२६ - २१:४८

आमच्या आईनंही वळल्यात. विडी घरकुल वसाहतीतले आम्ही. त्या दवाखान्याचं पिवळं कार्ड अजून घरात आहे.

तीन गोळ्यांचे किती झाले?

---

खातेवही | मंगळ, १३/०१/२०२६ - २१:५५

आधी त्या तिघींचे महिन्याला ९८० जायचे, आज २६० लागले. चौथी बाहेरूनच, ४७०. अम्मानं वहीत नवीन पान घातलंय, म्हणाली जुन्या पानावर लिहू नकोस, बेरीज बिघडते.

---

पार्क_चौपाटी | मंगळ, १३/०१/२०२६ - २२:०१

उद्या यात्रेतला अक्षता सोहळा आहे. अम्मांना सकाळी लवकर आणा, संमती कट्ट्यापाशी मी जागा धरतो.